शुक्राच्या कलांसाठी ७० मिमीची दुर्बीण: गोव्यातल्या अंगणात कितपत चालते?

७० मिमीचं भिंग आणि ७०० मिमी नाभीय अंतर (भिंगापासून प्रतिमा जिथे जमते तिथपर्यंतचं अंतर) असलेली साधी दुर्बीण शुक्राच्या कला, म्हणजे चंद्रासारखे बदलणारे त्याचे आकार, पाहायला पुरते. १० मिमीच्या नेत्रिकेने (डोळ्याजवळच्या भिंगाने) ७० पट वर्धन मिळतं. शुक्र सूर्यापासून जास्तीत जास्त म्हणजे सुमारे ४७ अंश दूर असतो, तेव्हा त्याचं बिंब साधारण २४ विकलांचं (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), अर्धं उजळलेलं असतं. ७० पटीत ते नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढं भासतं. पुढच्या आठवड्यांत कोर बारीक होत जाते, बिंब मात्र ६० विकलांच्या आसपास पोचतं. तेव्हा २५ मिमीच्या नेत्रिकेवरही भागतं. सोबत मिळणारं ३ पटीचं बार्लो (वर्धन वाढवणारं जोडभिंग) वापरूच नका, चित्र नुसतं फुगतं.

खरी अडचण झगमगाटाची. अंधार पडल्यावर कोरीऐवजी जांभळ्या कडेचा लखलखीत ठिपका दिसतो. म्हणून सूर्य पूर्ण बुडाला की लगेच, आकाश निळसर असतानाच पाहा. त्याआधी दुर्बीण पश्चिमेला वळवू नका, डोळा कायमचा जाईल. भिंगाच्या टोपणात छोटं झाकण असेल तर तेवढंच उघडा. उजेड घटतो, जांभळी कड जवळजवळ जाते.

तिपाई मात्र लेचीपेची. पाय पूर्ण ताणू नका, मधोमध पाण्याची भरलेली बाटली टांगा. तापलेल्या कौलांवरून पाहिलंत तर कड उकळल्यासारखी थरथरते.

आपल्या दमट हवेत भिंगाला बुरशी लवकर धरते. दव पूर्ण सुकवून मगच सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा. एकूण घ्यावी अशीच वस्तू, फक्त तिपाई पुढेमागे बदलावी लागेल.