उपासनेतल्या नाट्यवाचनासाठी हेडसेट माइक: घ्यावा का?

रंगभूमीवरून सेवाकार्यात आलेल्याला व्यासपीठावरचा उभा माइक जाचतो. बायबलच्या लूक १५ मधल्या दाखल्यात बाप उधळ्या पुत्राकडे धावत जातो आणि सांगणारा मात्र स्टँडला खिळलेला! अशा वेळी वायरलेस हेडसेट खरा कामाचा. कॉलर माइक स्वस्त पडतो, पण मान वळली की आवाज पडतो, शिवाय झग्याची घासाघीस सगळ्या मंडळीला ऐकू येते.

माइकचा दाणा ओठांच्या कोपऱ्यापासून दीड-दोन सेंटिमीटर मागे, गालाला न टेकता ठेवावा. ओठांसमोर आणला की ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटतात. तार गालावर वैद्यकीय चिकटपट्टीने धरावी, नाहीतर घामाने सरकते.

सगळ्यात जास्त घोळ गेनचा, म्हणजे माइकचा आवाज मिक्सरमध्ये किती वाढवून घ्यायचा त्याचा. चाचणीत वाचक हळू बोलतो, तंत्रज्ञ त्यावर गेन लावतो, आणि मार्क ४ मधलं वादळ आलं की आवाज फाटतो. नटाच्या आवाजाची फेक लक्षात घेऊन गेन सर्वांत मोठ्या आवाजातल्या ओळीवरच लावायचा, आवाज फाटू नये म्हणून वर ६ डेसिबल मोकळे ठेवून. मिक्सरवर शंभर हर्ट्झखालचा खर्ज कापून टाकला की पावलांची धपधप जाते.

उणीवही आहे. बहुतेक हेडसेट चहूबाजूंनी आवाज घेतात, त्यामुळे वाचक स्पीकरच्या पुढे गेला की स्पीकरचाच आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून शिट्टी ठरलेली. स्तोत्रगायनात हेडसेट म्यूट करायला विसरू नका, नाहीतर एकट्याचा कसलेला गळा मंडळीवर स्वार होतो. आणि बॅटरी प्रत्येक उपासनेला नवी किंवा पूर्ण चार्ज केलेली.