आरएक्स १०० की कास्ट आयर्न बुलेट? मराठवाड्यात जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी

एस्कॉर्ट्सची यामाहा आरएक्स १०० (१९८५ ते १९९६) आणि इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एनफील्डच्या आराखड्यावर १९५५ पासून मद्रासला तयार होणारी बुलेट ३५०, तीही जुन्या कास्ट आयर्न (बिडाच्या) इंजिनाची. जुन्या गाडीचा विषय निघाला की आपल्याकडे तुलना याच दोघींची होते.

आरएक्स ९८ सीसी, ११ बीएचपी. बुलेट ३४६ सीसी, १८ बीएचपी, पण वजन आरएक्सच्या दीडपटीहून जास्त. एकट्याने पळवायला आरएक्सच चपळ. मांजरसुंब्याच्या घाटात मात्र मागे माणूस आणि सामान असलं की तिला गिअर पाडून रेसवर ठेवावं लागतं. बुलेट कमी आरपीएमवरच ओढत वर जाते.

आरएक्सचं घोडं अडतं ते हवेच्या गळतीवर. कार्ब्युरेटरचं रबर तडकलं किंवा मॅग्नेटकडचं (वीज तयार करणाऱ्या बाजूचं) क्रँक सील गेलं की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि मे महिन्याच्या उन्हात पिस्टन धरतो, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकतो. प्लग काढून बघा: चॉकलेटी असेल तर ठीक, पांढरा फटक असेल तर गळती शोधा. गाडी आयडलवर ठेवून रबराच्या सांध्यावर डब्ल्यूडी-४० मारा. आवाज बदलला की चोर सापडला. क्लचकडचं सील गेलं असेल तर गिअर ऑइल जळून पांढरा धूर येतो. ऑइल पंप काढून टाकलेला असेल तर पेट्रोलच्या लिटरमागे ३० मिली टूटी (टू-स्ट्रोक) ऑइल, अंदाजपंचे नको. पिस्टन कितव्या ओव्हरसाइजचा (मूळ मापापेक्षा किती मोठा) आहे ते विचाराच, १.०० मिमी झाला असेल तर पुढच्या बोरिंगला स्लीव्हचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नव्या नळीचा, खर्च धरा.

बुलेटला हात सारखा लागतो. पॉइंटचा (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्काचा) गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्टीने). टॅपेट (व्हॉल्व्हची सैल-घट्ट जुळणी) इंजिन पूर्ण थंड असतानाच, म्हणून उन्हाळ्यात पहाटे: पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणा, पुशरॉड (व्हॉल्व्ह ढकलणारा दांडा) दोन बोटांत सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. प्रायमरीचं (इंजिन ते क्लच साखळीचं) कव्हर मधल्या एकाच नटावर बसतं. ऑइल गळतंय म्हणून तो नट आवळत बसलात तर कव्हर वाकतं. रबर सील बदला. बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला) जुन्या इंजिनात फ्लोटिंग बुश (सैल फिरणारी कडी) असतं, म्हणून ऑइल पोचायच्या आत थंड इंजिन रेस करणं हा खरोखर गुन्हा आहे.

किक मारतानाही घाई नको. चावी लावून अँमीटरचा (करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा मध्यावर येईपर्यंत किक हळू दाबा, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी खिट्टी) ओढून किंचित पुढे न्या, तो सोडा आणि मग पूर्ण किक. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायात, पहिला वर आणि बाकीचे तीन खाली, ब्रेक डावीकडे. आरएक्सवरून उतरून थेट बाजारात नेऊ नका.

रोज परभणी-जिंतूर करायचं असेल तर आमचं मत आरएक्सला, सील नवे टाकून. रविवारी पाने घेऊन बसायची हौस असेल तर बुलेटच घ्या. पैसे मोजण्याआधी चासी आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहा, आणि १५ वर्षांनंतरचं नूतनीकरण झालंय का तेही.