मेक्सिकन भुंग्यांचा डबा : तिसऱ्या पावसाळ्यातले मत

गाजरगवतावर सोडण्यासाठी मेक्सिकन भुंगे 2023 च्या जुलैमध्ये एका केंद्रातून आणले होते आणि हा त्यांचा तिसरा पावसाळा असल्यामुळे आता त्यांच्याविषयी काही खात्रीने लिहिता येते. आमचे शेत परभणी जिल्ह्यात कालव्याच्या पट्ट्यात आहे. सोयाबीनमधले गाजरगवत खुरपणीत निघते. खरी अडचण असते ती धुऱ्यांची, म्हणजे बांधांची, आणि आखाड्यामागच्या पडीक तुकड्याची, कारण एकेका झाडाला हजारोंनी बी धरते, ते वाऱ्यापाण्याबरोबर पुन्हा पिकात येते आणि ते उपटताना ज्यांच्या मनगटावर चट्टे उठले त्या बाया दुसऱ्यांदा त्या धुऱ्याकडे फिरकत नाहीत.

डबा प्लास्टिकचा, झाकणाला बारीक छिद्रे, आत गाजरगवताचे शेंडे आणि पाचशे भुंगे. भुंगा ज्वारीच्या दाण्याहून जरासा मोठा, मळकट पांढरा, पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेला. डबा उन्हापासून जपावा हे केंद्रावर कोणी सांगितले नाही आणि सूचनांचा साधा कागदही मिळाला नाही. परिणामी जीपच्या काचेजवळ ठेवलेल्या डब्यातले शंभरेक भुंगे घरी पोहोचेपर्यंत मेले होते.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये पावसाने दिलेली ओढ सर्वांच्या लक्षात असेल. दमट हवेत वाढणाऱ्या या किड्याने तेव्हा चार-दोन झाडांची पाने कुरतडण्यापलीकडे काही केले नाही आणि पैसे पाण्यात गेले असेच मी धरून चाललो होतो. मात्र 2024 च्या जूनअखेरीस, दोन चांगले पाऊस झाल्यावर, जमिनीत दडून राहिलेले भुंगे आपोआप वर आले. पानांच्या खालच्या बाजूस पिवळसर अंडी दिसू लागली, अळ्या थेट कोवळ्या शेंड्यात शिरल्या आणि पोळ्यापर्यंत पडीक तुकड्याच्या निम्म्याहून अधिक भागात नुसत्या काड्या उभ्या होत्या. शेंडाच खाल्ला गेल्याने फूल धरत नाही, हे या उपायाचे सर्वांत मोठे बळ आहे.

तणनाशकासारखा आठवड्यात निकाल हवा असणाऱ्याने मात्र या वाटेला जाऊ नये. मातीत पडलेले जुने बी भुंगा खात नाही. हिवाळ्यात तो जमिनीत सुप्त राहतो आणि नेमके तेव्हाच कालव्याच्या पाण्यावर गाजरगवत पुन्हा माजते. ते आम्ही फुलावर येण्याआधी हातमोजे घालून उपटतो. शिवाय सोयाबीनवरच्या अळीसाठी मारलेले कीटकनाशक धुऱ्यावर उडाले की आपलेच भुंगे मरतात. शेजारच्या एका फवारणीत माझा पूर्वेकडचा धुरा असाच रिकामा झाला.

हे भुंगे सूर्यफूल खातात का, असे लातूरकडचे पाहुणे हमखास विचारतात. 1983 मध्ये मेक्सिकोतून बंगळुरूला आणलेल्या या भुंग्यांबद्दल पुढे कर्नाटकात तशी तक्रार झाली होती, केंद्र सरकारने समितीही नेमली होती आणि चाचण्यांअंती ते पिकांना सुरक्षित ठरले. माझ्या सोयाबीनवर किंवा तुरीवर त्यांनी तोंड लावलेले मी अद्याप पाहिलेले नाही.

या जुलैत धुऱ्यावरून वेचलेले दोनशे भुंगे गावच्या गायरानात सोडले. डबा ओल्या गोणपाटात गुंडाळून, भल्या सकाळी पायी नेला. एकही मेला नाही.