स्नॅपसीड: विषय उठून दिसावा तर आधी पार्श्वभूमी शांत करा

फोटोतला माणूस मागच्या गर्दीत हरवला की बहुतेकांचा हात पहिल्यांदा लेन्स ब्लरकडे, म्हणजे पार्श्वभूमी धूसर करणाऱ्या साधनाकडे जातो. गूगलच्या स्नॅपसीड या फोटो-एडिटिंग अ‍ॅपमधलं या कामासाठी सगळ्यात कमकुवत साधन नेमकं तेच आहे. त्याला अंतर कळत नाही. लंबगोलाच्या (किंवा सरळ पट्ट्याच्या) आतलं स्पष्ट, बाहेरचं धूसर, एवढाच त्याचा हिशोब. त्यामुळे चेहरा स्पष्ट राहतो आणि खांदे विरघळतात. ज्या जमिनीवर माणूस उभा आहे तीही पायाशीच धूसर होते. खऱ्या लेन्समध्ये पायाजवळची जमीन स्पष्ट असते आणि मागे जाईल तशी धूसर होत जाते. मास्क लावून (म्हणजे परिणाम कुठे लागावा ते ब्रशने ठरवून) माणूस परत स्पष्ट केला, तरी लाल शर्टाभोवती लालसर धुकं उरतंच, कारण ब्लर करताना शर्टाचा रंग आधीच आजूबाजूला पसरलेला असतो.

या अ‍ॅपची खरी ताकद व्ह्यू एडिट्समध्ये, म्हणजे केलेला प्रत्येक बदल नंतर उघडून फोटोच्या हव्या त्या भागापुरता ठेवता येतो त्या यादीत आहे, आणि फुकट, बिनजाहिरातीच्या अ‍ॅपमध्ये ती मिळते याचं खरंच कौतुक वाटतं. (पुढच्या पायऱ्या अँड्रॉइडवरच्या परिचित मांडणीनुसार आहेत, आयफोनवर 2025 मध्ये आलेल्या 3.0 आवृत्तीत बटणांच्या जागा बदलल्या आहेत.)

क्रॉप आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा पिवळट-निळसर तोल) आधी उरका. मग ट्यून इमेजमध्ये अख्ख्या फोटोचं सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) -35, ब्राइटनेस -20 आणि हायलाइट्स (सगळ्यात उजळ भाग) -30 च्या आसपास न्या. फोटो मरगळलेला दिसेल, दिसू द्या. आता वरच्या थरांच्या चिन्हातून व्ह्यू एडिट्स उघडा, ट्यून इमेजवर टॅप करा आणि मधलं ब्रशचं चिन्ह निवडा. मास्क उलटा करायचं बटण दाबलं की परिणाम सगळीकडे लागतो. मग ब्रशची तीव्रता 0 वर आणून फक्त माणसावरून बोट फिरवा. विषय पार्श्वभूमीपेक्षा लहान असतो, म्हणून लावत बसण्यापेक्षा पुसणं कमी कष्टाचं.

काम बिघडतं ते कडेला. ब्रशचा आकार बदलायची सोय नाही. बोटाखाली तो तेवढाच राहतो. बारीक काम हवं तर फोटो झूम करायचा. झूम न करता पुसलं की ब्रशची मऊ कड पार्श्वभूमीवरही चढते आणि डोक्याभोवती उजळ वलय दिसतं. ते घालवायला ब्रश 100 वर नेऊन बाहेरच्या बाजूने परत फिरवा. सुटे केस मात्र 25 किंवा 50 वर ठेवा. तिथे पूर्ण पुसलं तर माणूस कात्रीने कापून चिकटवल्यासारखा वाटतो. डोळ्याचं चिन्ह चालू ठेवलं की मास्क लाल रंगात दिसतो आणि कोपरात किंवा बोटांमध्ये राहिलेले ठिपके लगेच सापडतात.

चेहरा थोडा उजळायला सिलेक्टिव्ह हे ठरावीक जागेपुरता बदल करणारं साधन उत्तम. गालावर बिंदू ठेवा, दोन बोटांनी चिमटा घेऊन वर्तुळ चेहऱ्याएवढं करा आणि ब्राइटनेस +15. त्यापुढे गेलात तर कपाळ चकाकतं. सिलेक्टिव्ह रंगाच्या साम्यावर चालतं, म्हणून त्वचेच्याच छटेची भिंत मागे असली की तीही उजळते. अशा वेळी भिंतीवर दुसरा बिंदू ठेवा आणि त्याची सगळी मूल्यं 0 च राहू द्या. तो तेवढा भाग धरून ठेवतो. असे आठ बिंदू ठेवता येतात, पण तीनांपेक्षा जास्त लागले तर आधीचा मास्क पुन्हा तपासा.

डिटेल्समधलं पोत ठळक करणारं स्ट्रक्चर चेहऱ्यावर नको, त्वचेची छिद्रं उठून येतात. डोळे आणि कपड्याचा पोत यांच्यावरच ते मास्कने लावा, +15 पुरतं.

विन्येट, म्हणजे फोटोच्या कडा गडद करणं, शेवटी, आणि तेही हवंच असेल तर. त्याचा केंद्रबिंदू माणसावर सरकवा, आउटर ब्राइटनेस -20 ला थांबवा. कोपरे काळे पडलेले पाहणाऱ्याच्या लक्षात आले, तर -10 वर या.