विकेट घ्यायला गेलो, काकांनी विचारलं 'कुठली?'

सोसायटीतल्या पोरांसाठी विकेट घ्यायची होती. आधी एका ॲपवरून 'विकेट सेट' मागवला तर आले नुसते तीन प्लास्टिकचे स्टंप, उंची दोन फूट पण नाही आणि बेल्स गायब. फोन केला तर म्हणे विकेट म्हणजे स्टंपच, बेल्स वेगळ्या घ्या. परत केला तो.

मग टिळक रोडजवळच्या एका जुन्या स्पोर्ट्सच्या दुकानात गेलो. म्हटलं विकेट पाहिजे, तर काकांनी पहिलंच विचारलं, "कुठली? मॅट का स्टंप?" मॅट म्हणजे पट्टीवर अंथरायची चटई. इथंच मला दुकान आवडलं. कारण आपण सगळ्यालाच विकेट म्हणतो ना, तीन स्टंप दोन बेल्स मिळून विकेट, 22 यार्डांची पट्टी ती पण विकेट, कोणी आउट झाला की विकेट पडली, जिंकलो तरी पाच विकेटनी, आणि मित्राचं लग्न ठरलं तरी त्याची विकेट गेली. पेपरात मात्र प्रत्येकाला आपला शब्द आहे, यष्ट्या, खेळपट्टी, बळी, 5 गडी राखून विजय. 2017 ची पुण्याजवळच्या गहुंज्याची ऑस्ट्रेलियाची टेस्ट आठवा, विकेट अशी फिरत होती की त्यांच्या ओकीफनं त्या विकेटवर 12 विकेट काढल्या, मॅच तिसऱ्या दिवशीच संपली आणि आयसीसीनं विकेट खराब ठरवली. पुण्यात हे ऐकून कोणीही अडखळणार नाही.

काकांनी टेप लावून दाखवली, उंची 28 इंच, तिन्ही स्टंप मिळून रुंदी 9 इंच. मग सीझनचा बॉल घेऊन दोन स्टंपच्या मधून घालायला गेले, अडकला. म्हणाले, "मधून बॉल गेला तर ती विकेटच नाही." पूर्वी खरंच दोनच स्टंप असायचे, 1775 ला लंपी स्टीव्हन्सचे बॉल त्या दोन स्टंपमधून आरपार गेले तरी बॅट्समन नॉट आउट, त्यानंतर मधला स्टंप आला. काकांना हे सगळं पाठ आहे आणि गिऱ्हाईक नसताना पण सांगतील असे आहेत.

आमच्याकडे खाली पेव्हर ब्लॉक, रोवायला जागा नाही, म्हणून त्यांनी स्वतःहून लाकडी ठोकळ्यात बसणारा सेट काढून दिला. एक बेल खाचेत डुगडुगत होती ती न बोलता बदलली. ठोकळा जड आहे, लहान पोरांना एकट्याला उचलत नाही, एवढीच तक्रार. भाव ॲपपेक्षा जास्त पडला पण लाकूड बघाल तर पटेल. पहिल्याच संध्याकाळी ऑफ स्टंपला बॉल लागला, दोन्ही बेल्स टक्कन उडाल्या आणि सगळी पोरं "त्रिफळा!" म्हणून ओरडली, प्लास्टिकच्या सेटला हा आवाज येतच नाही. बेल्सची एक जोडी जास्त घेऊन ठेवा, आमची एक बेल गाडीखाली गेलीय ती अजून सापडली नाही.