लॅपटॉप विकला, परत घेतला आणि फसलो

लॅपटॉप विकताना फसलो म्हटलं की लोक पहिलं विचारतात, "पैसे बुडाले का?" नाही. पैसे पूर्ण आले होते. ₹27,000, यूपीआयने, माझ्यासमोर. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जमा दिसल्यावरच लॅपटॉप त्याच्या हातात दिला. खोटा स्क्रीनशॉट दाखवणं, क्यूआर कोड स्कॅन करायला लावणं, "पैसे मिळायला पिन टाका" म्हणणं ही सगळी सोंगं मला माहीत आहेत. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मी आईकडूनसुद्धा पाठ करून घेतलंय. मी फसलो ते पैसे मिळाल्यावर आठ दिवसांनी. आणि हे मुद्दाम लांबण लावून लिहितोय, कारण जुन्या लॅपटॉपचा नाद असलेला माणूसच नेमका यात सापडतो.

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, पॅटर्नची ड्रॉइंग करतो. ऑफिसचं काम ऑफिसच्या मशीनवर. घरचा थिंकपॅड लॅपटॉप हा निव्वळ हौसेचा. टी480, 2018 चं मॉडेल. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी: या लॅपटॉपला दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागून बाहेर. आतलीवर मशीन चालू ठेवून बाहेरची काढता येते, दुसरी लावता येते. रॅम दोन खाचांत, हवी तेव्हा बदला. प्रोसेसर इंटेलचा आठव्या पिढीचा, आणि विंडोज 11 अधिकृतपणे चालतं ते साधारण तिथपासूनच, त्यामुळे इतकी वर्षं होऊनही बाजारात याला किंमत आहे. आणि कीबोर्डच्या मध्यभागी तो लाल ठिपका, बोटानं कर्सर हलवायचा, ज्याला एकदा बोट लागलं की दुसरा लॅपटॉप हातात घ्यावासा वाटत नाही.

मी सेकंडहँड घेतला होता आणि हळूहळू सजवला. मूळचा स्क्रीन मिणमिणता, म्हणून 400 निट्सचं, म्हणजे जास्त उजेडाचं पॅनल (स्क्रीनचा आतला पडदा) मागवून बसवलं. प्लॅस्टिकचा ट्रॅकपॅड काढून काचेचा घातला. बाहेरची बॅटरी 72 वॅट-अवरची, मोठी, नवी घेतलेली, आणि ती 80 टक्क्यांच्या वर मी कधी चार्ज होऊ दिली नाही. तशी सेटिंगच यात असते. 32 जीबी रॅम, 1 टीबी एसएसडी. बायको म्हणायची, "त्या डब्याला जेवढं पुसता तेवढं घरातलं काय पुसत नाही."

2024 च्या दिवाळीआधी मुलीच्या शिकवणीचा खर्च निघाला आणि लॅपटॉप काढायचं ठरवलं. ओळखीच्या लोकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकले. तासाभरात एकाचा फोन. पोरगा पंचविशीतला, इचलकरंजीचा म्हणाला. पहिलं वाक्य किमतीचं नाहीच. "दादा, पॅनल लो-पॉवरवालं घातलाय न्हवं? कुठनं मागवलासा?"

एवढ्यावरच मी अर्धा विरघळलो होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही. कोल्हापुरात म्हशीवर, कुस्तीवर, गाडीच्या सायलेन्सरवर तासभर बोलणारी माणसं गल्लीगल्लीत भेटतात. लॅपटॉपच्या पॅनलवर बोलणारा दहा वर्षांत एक भेटला होता.

तो राजारामपुरीत घरी आला. पायातली चप्पल काढून नीट बाजूला ठेवली, आईच्या पाया पडला. मग लॅपटॉप मांडीवर घेऊन बिजागरी एका बोटाने उघडून बघितली, ट्रॅकपॅडवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "काच. प्लॅस्टिक न्हाई." थिंकपॅडचं डिझाइन जपानी जेवणाच्या डब्यावरून सुचलेलं, 1992 साली आयबीएमने आणलेला, 2005 मध्ये लेनोव्होकडे गेला, हे सगळं त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पोहे झाले, चहा झाला, मग परत चहा झाला. घासाघीस त्यानं केलीच नाही. जाताना बॅटरी काढून तिच्या मागचा कागद वाचत होता. मला वाटलं, बघा, केवढी बारकाई!

आठ दिवसांनी मेसेज आला. सोबत दहा-बारा सेकंदांचा व्हिडिओ: स्क्रीन लुकलुकतोय. "दादा, तुमच्यावर विश्वास हाय, पण डिस्प्ले फ्लिकर मारतोय. मला कामाला लागतोय ओ रोज."

इथं माझं मन मलाच खाऊ लागलं. पॅनल मी स्वतः बसवलं होतं. केबल नीट बसली नसेल का? टेप सुटली असेल का? त्यानं शिवी दिली असती, आवाज चढवला असता, तर मीही भांडलो असतो. तो उलट म्हणाला, "तुम्हाला तरास नको. ₹500 कापून घ्या, बाकीचे द्या. मीच आणून देतो कोल्हापूरला." आता अशा माणसाला नाही कोण म्हणणार?

त्या व्हिडिओचंही सांगतो. नंतर मी आमचा टीव्ही, ऑफिसचा मॉनिटर, शेजाऱ्यांचा लॅपटॉप असं सगळं मोबाइलने शूट करून बघितलं. कॅमेऱ्याचं शटर आणि बॅकलाइट यांचा मेळ बसला नाही की धडधाकट स्क्रीनसुद्धा व्हिडिओत लुकलुकतो. आमचा टीव्ही तर त्याच्या व्हिडिओपेक्षा जास्त लुकलुकला. हे मला आधी माहीत नव्हतं असंही नाही. त्या वेळी आठवलं नाही, एवढंच.

भेट ठरली मध्यवर्ती बसस्थानकावर, संध्याकाळी साडेसातला. त्याला इचलकरंजीची गाडी पकडायची होती. दिवाळीची गर्दी, पिशव्या, पोरं, कंडक्टरचा ओरडा. एका बाकाच्या कोपऱ्यावर मी लॅपटॉप उघडला. चालू झाला. रॅम बघितली, 32. एसएसडी बघितली, 1 टीबी. झाकणावर ओरखडा नाही. स्क्रीन स्वच्छ. "गाडी लागली ओ दादा," तो म्हणाला. मी तिथंच उभ्या उभ्या ₹26,500 पाठवले. माझा हात हातात घेऊन तो म्हणाला, "लॅपटॉप लई भारी ठेवलाय तुम्ही, माझंच नशीब न्हाई."

घरी येऊन लावून बघितला. लुकलुकणं नाहीच. शंका यायची ती खरं तर इथं यायला हवी होती. मला उलट बरं वाटलं, की चला, आपलं काम पक्कं होतं. लॅपटॉप पिशवीत घालून कपाटात ठेवला आणि फराळाच्या गडबडीत विसरलो.

रविवारी सकाळी चहा घेऊन गॅलरीत बसलो. आमची गॅलरी पूर्वेची, दहापर्यंत ऊन थेट अंगावर येतं, आणि ते पॅनल मी घेतलं होतं तेच मुळी तिथं बसून वाचता यावं म्हणून. लॅपटॉप उघडला तर स्क्रीनवर माझंच तोंड दिसतंय. ब्राइटनेस वाढवली. पूर्ण केली. तरी अक्षरं धुक्यात. बोट ट्रॅकपॅडवर ठेवलं, ते सरकेना, अडखळायला लागलं. काचेवर बोट कसं जातं हे हाताला सवयीनं माहीत असतं. मी बोट पँटला पुसून परत ठेवलं. तेच.

चहा तसाच राहिला. बाहेरच्या बॅटरीचा रिपोर्ट काढला: पूर्ण चार्जची क्षमता 38 वॅट-अवर. माझी 66 वर होती. चार्जिंगच्या फेऱ्या (सायकल) 700 च्या पुढे. मग ईडीआयडी बघितलं. प्रत्येक पॅनलच्या आत ही एक छोटी नोंद असते, कुणी बनवलं, कुठलं मॉडेल, कुठल्या वर्षी. माझं पॅनल 2021 सालचं. हे 2017 चं. शेवटी खालचं झाकण काढलं. या मॉडेलचे स्क्रू झाकणातच अडकून राहतात, हरवत नाहीत, ते सगळे जागच्या जागी. पण कडेची एक क्लिप मोडलेली, आणि वर स्क्रीनची चौकट उचलून बघितली तर केबलवर मी लावलेल्या पिवळ्या कॅप्टॉन टेपऐवजी (इलेक्ट्रॉनिक्सच्या कामातली पातळ चिकटपट्टी) इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी.

रॅम माझीच होती. एसएसडी माझीच. त्यांना त्यानं हातही लावला नव्हता. जे आकड्यांत दिसतं, कुणीही सेटिंगमध्ये जाऊन वाचू शकतो, ते सगळं जिथल्या तिथं. जे फक्त उन्हात डोळ्यांना आणि चालवताना बोटाला कळतं, तेवढंच नेलं. आणि परत द्यायला वेळ कुठली निवडली? रात्रीची. रात्री मिणमिणता स्क्रीनही झगझगीत दिसतो. ज्याला वस्तूचं कौतुक कळतं तो तिच्यावर डल्ला मारणार नाही, असा माझा समज होता. कौतुक कळत होतं म्हणूनच तर काय न्यायचं हे त्याला अचूक कळलं. पॅनल, बॅटरी, ट्रॅकपॅड मिळून माझं ₹15,000 च्या आसपासचं सामान, आणि त्याला पडलं ₹500 ला.

फोन केला. मला वाटलं बंद लागेल. दुसऱ्या रिंगला उचलला.

"दादा, तुम्ही बघून घेतलासा न्हवं? चालू करून, सगळं तपासून? मग आता चार दिवसांनी मी काय सांगू? मधी कुणाकडं दिला होता काय तुम्ही?"

आवाजात राग नाही, घाई नाही. माझी थोडी काळजीच असल्यासारखा. तो आवाज अजून कानात आहे.

पोलिसांकडे गेलो. तिथल्या हवालदारांनी ऐकून घेतलं, हे मान्य करतो. मग विचारलं, "पैसे त्यानं दिले. परत तुम्ही तुमच्या हातानं पाठवलासा. आतलं सामान बदललं म्हणता, तर विकताना आत काय होतं याचा कागद दाखवा." माझ्याकडे पॅनलचं बिल होतं. "हे तुम्ही विकत घेतल्याचं झालं. ते त्याच्या हातात गेलं, हे कशावरून?" फसवणुकीचं कलम, आपलं जुनं चारसोवीस, आता भारतीय न्याय संहितेत 318 झालंय. पण आकडा कुठलाही असो, हवालदारांचा प्रश्न चुकत नव्हता. तक्रार अर्ज दिला, पोच घेतली. 1930 या सायबर हेल्पलाइनलाही फोन केला. पैसे पाठवल्या पाठवल्या कळवलं तर ते पुढच्या खात्यात अडवता येतात, म्हणून तिथं पहिले काही तास महत्त्वाचे. मला कळलं तेच पाचव्या दिवशी. ग्रुपवर सगळं लिहिल्यावर सांगलीच्या एकानं खासगीत मेसेज केला: त्याचा लॅपटॉपही "परत" आला होता, कीबोर्ड बदलून. लाजेनं तो कुणाला बोलला नव्हता.

आणि मला सगळ्यात जास्त लागली ती दुसरीच गोष्ट. आमच्या फाउंड्रीत प्रत्येक कास्टिंगवर, म्हणजे ओतलेल्या भागावर, हीट नंबर असतो. कुठल्या दिवशी, कुठल्या भट्टीच्या रसातून ओतलं, ते त्यावरून कळतं. गिऱ्हाइकानं माल परत पाठवला की आधी हीट नंबर जुळवायचा, मग बाकीचं बोलायचं. नंबर नसलेलं कास्टिंग गेटच्या आत येत नाही. यावरून मी स्वतः पोरांना झापलंय. आणि माझ्या मशीनमधल्या एकाही भागाचा नंबर मी लिहून ठेवला नव्हता, जो पॅनलच्या पाठीवर, बॅटरीच्या कागदावर छापलेलाच असतो, फोटो काढायला दोन मिनिटं लागतात.

माझ्याकडे अजून एक जुना थिंकपॅड, एक्स230, होता. या मे महिन्यात तो काढला. घ्यायला कागलकडच्या एका गावातून वडील आणि मुलगा आले, पोरगा डिप्लोमाला. या वेळी दिवसाउजेडी, घरीच, त्यांच्यासमोर झाकण उघडलं. मोबाइल स्टँडला लावून न थांबवता व्हिडिओ चालू. रॅम, डिस्क, बॅटरी, सगळ्यांचे नंबर मोठ्यानं वाचले, पोराला कागदावर लिहायला सांगितले. पॅनल न उघडता त्याचं मॉडेल आणि साल ईडीआयडीवरून घेतलं. झाकण लावून दोन स्क्रूंच्या डोक्यावर पेंट मार्करची पिवळी रेघ ओढली, आमच्याकडे नट आवळल्यावर ओढतात तशी. स्क्रू फिरला की रेघ तुटते. कागदावर खाली लिहिलं: आहे त्या स्थितीत विकला, सात दिवसांत काही निघाल्यास इथंच, दिवसा, उघडून नंबर जुळवून मगच पैसे परत. दोघांच्या सह्या, आणि दोघांकडे एकेक फोटो.

पोरगा कंटाळला होता. म्हणाला, "काका, लॅपटॉप विकताय का म्हैस?"

त्याचे वडील इतका वेळ गप्प बसले होते. ते म्हणाले, "म्हशीच्या कानात बी बिल्ला असतोय बाबा. कर सही."