जलतरणपटूंचे देहमापन आणि बळचाचणी : छत्रपती संभाजीनगरमधील एका सेवेचे परीक्षण

छत्रपती संभाजीनगरमधील एका खासगी क्रीडावैद्यक केंद्रात स्पर्धेसाठी पोहणाऱ्या मुलामुलींचे देहमापन आणि स्नायूंच्या ताकदीची चाचणी एकत्रितपणे करून मिळते. जालन्यातील आमच्या सरावगटातील मुलांना मी तिथे नेले होते. शुल्क प्रत्येकी दीड हजार रुपये आहे. मापनाचा भाग उत्तम आहे, ताकदीच्या चाचणीतून सरावाला थेट दिशा मिळते, मात्र अहवालाचे शेवटचे पान वाढत्या वयाच्या मुलांच्या हाती देऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

मापनाची शिस्त पाहून समाधान वाटले. प्रत्येक माप शरीराच्या उजव्या बाजूने दोनदा घेतले जाते आणि दोन आकड्यांत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त फरक आला, तर तिसऱ्यांदा घेऊन त्यांतला मधला आकडा धरला जातो. मुलींची मापे स्वतंत्र खोलीत, आईच्या किंवा सोबत आलेल्या बाईंच्या उपस्थितीत, महिला तज्ज्ञच घेतात. उंची आणि वजनाशिवाय बसलेली उंची, पसरलेल्या दोन्ही हातांच्या टोकांमधले अंतर, खांद्यांची व कंबरेची रुंदी, तळहात व पावलांची लांबी आणि त्वचेखालील चरबीची जाडी नोंदवली जाते.

यातील बसलेल्या उंचीचे महत्त्व पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. पाण्यात आडवे झाल्यावर शरीराला वर उचलणारा जोर फुप्फुसांमुळे छातीच्या बाजूला एकवटतो, तर वजनाचा मध्य कंबरेकडे असतो. या दोहोंतले अंतर जितके जास्त, तितके पाय खाली जातात आणि पाण्याचा अडथळा वाढतो. म्हणूनच लांब धड आणि त्या मानाने आखूड पाय ही ठेवण जलतरणात लाभाची मानली जाते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये आठ सुवर्णपदके जिंकणाऱ्या मायकेल फेल्प्सची उंची १९३ सेंटिमीटर आणि हातांचा पसारा २०१ सेंटिमीटर असल्याचे सांगितले जाते, आणि त्याचे धडही उंचीच्या मानाने लांब आहे. आमच्या गटातील एका उंच मुलाचे पाय फ्रीस्टाइलमध्ये सतत का बुडतात, याचा उलगडा त्याच्या मापांवरून बराचसा झाला आणि त्याच्या सरावात किकपेक्षा (पाय मारण्यापेक्षा) डोके व छातीच्या स्थितीवर भर द्यायचे आम्ही ठरवले.

ताकदीच्या चाचणीत मुठीची पकड, उभ्याने उंच उडी, पुलअप आणि हातात धरायच्या बलमापकाने खांद्याची तपासणी होते. उडीचा संबंध ब्लॉकवरून, म्हणजे काठावरच्या चौथऱ्यावरून, होणाऱ्या स्टार्टशी आणि भिंतीला पाय रेटून वळण्याशी, म्हणजे टर्नशी आहे, त्यामुळे ती योग्यच आहे. परंतु सर्वांत मोलाची आहे ती खांद्याची तपासणी. फ्रीस्टाइल आणि बटरफ्लाय (दोन्ही हात एकाच वेळी पुढे टाकून पोहण्याचा प्रकार) यांमध्ये पाणी मागे ओढताना छातीचे व पाठीचे मोठे स्नायू दंड आतल्या बाजूला फिरवतात. हजारो आवर्तनांनंतर हे स्नायू बळकट होत जातात आणि दंड बाहेर फिरवणारे लहान स्नायू मागे पडतात. हा असमतोल आणि जलतरणपटूंना छळणारे खांद्याचे दुखणे यांचा संबंध अनेकदा दाखवला गेला आहे. केंद्रातील फिजिओथेरपिस्ट मॅडमनी प्रत्येक मुलाच्या दोन्ही खांद्यांचे आकडे समजावून सांगितले आणि रबरी पट्ट्यांचे व्यायाम करून दाखवले. केवळ एवढ्यासाठीही शुल्क वसूल झाले, असे मी मानतो.

मराठवाड्यात या तपासणीला आणखी एक कारण आहे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. अशा प्रदेशात टंचाई आली की पोहण्याच्या तलावाचे पाणी आधी तोडले जाते आणि ते रास्तही आहे. त्या काळात मुलांच्या हाती जमिनीवरचा व्यायाम एवढाच उरतो. तलाव बंद होताना आणि पुन्हा सुरू होताना अशी दोन वेळा चाचणी केली, तर ताकद किती टिकली हे कळते आणि पाण्यात परतलेल्या मुलांवर पहिल्याच आठवड्यात जादा भार टाकण्याची चूक टळते.

आता शेवटच्या पानाविषयी. त्यावर हातांचा पसारा आणि पकडीची ताकद यांवरून गटातील मुलांची क्रमवारी लावली आहे आणि प्रत्येकाला ‘योग्य स्ट्रोक’, म्हणजे पोहण्याचा प्रकार, सुचवला आहे. बारा वर्षांच्या एका मुलीच्या अहवालात बटरफ्लाय अयोग्य असे छापून आले, तेव्हा तिचा चेहरा पडला आणि मला अतिशय वाईट वाटले. मुलींची उंची साधारण बाराव्या आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत झपाट्याने वाढते, आणि त्यातही मुलामुलांत मोठा फरक असतो. लवकर वाढलेला मुलगा पकडीत पुढे असतो तो बहुधा त्या वाढीमुळे. वाढीचा टप्पा अजमावण्यासाठी मिरवाल्ड हे संशोधक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली मांडलेले सूत्र आहे. त्याला लागणारी मापे या केंद्राकडे आधीच असतात, तरीही त्याचा वापर होत नाही. शिवाय जपानच्या कोसुके कितजिमाने २००४ आणि २००८ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये १०० व २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकची सुवर्णपदके जिंकली, ती सुमारे १७८ सेंटिमीटर उंचीवर. पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात, म्हणजे वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा तर सुमारे तेहेतीस टक्के अधिक शक्ती हवी. एवढी ताकद कमावण्यापेक्षा शरीर पाण्यात सरळ ठेवायला शिकून अडथळा घटवणे पुष्कळ सोपे असते, आणि ते कौशल्य या चाचणीत कुठेच मोजले जात नाही, कारण पाण्यातील एकही चाचणी यात नाही.

अहवाल केवळ इंग्रजीत मिळतो, ही गैरसोयही मोठी आहे. पैठण किंवा अंबडहून आलेल्या पालकांना तो मराठीतच मिळायला हवा. हे दोन्ही आक्षेप मी केंद्राला लेखी कळवले आहेत. तोवर जाणाऱ्यांनी क्रमवारीचे पान छापू नये असे नोंदणीच्या वेळीच सांगावे, आदल्या दिवशी कठीण सराव टाळावा आणि खांद्याचे आकडे प्रशिक्षकाच्या वहीत आवर्जून उतरवून घ्यावेत.